दारातच ‘नाही’ म्हणा : मेल सर्व्हरबद्दल वाचकांचे प्रश्न

मेल सर्व्हरबद्दल विचारा असं मागच्या अंकात लिहिलं होतं, त्यावर आलेली पत्रं वाचताना एक दिसलं की बहुतेकांचा नियम बरोबर आहे पण तो चुकीच्या जागी बसलाय. जवळपास सगळ्यांकडे पोस्टफिक्सच आहे, म्हणजे सर्व्हरवर मेल घेणारा आणि पाठवणारा प्रोग्रॅम. १९९८ मध्ये वित्से व्हेनेमा यांनी आयबीएमच्या रिसर्चमध्ये असताना ते बाहेर आणलं, मीही तेच वापरते, म्हणून उत्तरं पोस्टफिक्स धरूनच देतेय. सेटिंगची नावं इथे देवनागरीत आहेत, फाईलमध्ये ती इंग्रजीत आणि मधे अंडरस्कोर घालून लिहायची.

प्रश्न : ताई, आमची सूतगिरणी आहे, साठेक मेल आयडी आहेत. मालकांचं म्हणणं असं की स्टोअर, गेट, वजनकाटा आणि पाळी सुपरवायझर यांनी फक्त आपापसात मेल करायची, बाहेर एकही जाता कामा नये. मी चेक सेंडर ॲक्सेसमध्ये (पाठवणाऱ्याचा पत्ता बघून अडवणारा नियम) त्यांचे पत्ते टाकून बाहेरचं बंद केलं. गंमत अशी की घरून मोबाईलवरून पाठवलं तर अडतं आणि ऑफिसातून बिनधास्त जातं. उलटं व्हायला हवं ना? कुठे चुकलं? — इचलकरंजीहून एक वाचक

तुम्ही नियमांची यादी पाठवलीत ते फार बरं केलंत, त्यात उत्तर पहिल्याच ओळीत आहे. पोस्टफिक्स नियम वरून खाली वाचतो आणि एखाद्या नियमाने ठाम ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हटलं की तिथेच थांबतो, खालचं वाचतच नाही. तुमची पहिली ओळ आहे परमिट मायनेटवर्क्स, म्हणजे आपल्या नेटवर्कमधून आलेल्याला सोडा. गेटवरचा कॉम्प्युटर तुमच्या नेटवर्कमध्येच आहे, त्यामुळे त्याला पहिल्याच ओळीत हिरवा झेंडा मिळाला, दुसऱ्या ओळीतली बंदी त्याच्यापर्यंत पोचलीच नाही. घरून येणारा नेटवर्कबाहेरचा, म्हणून तो दुसऱ्या ओळीवर आला आणि अडला. वेबमेलचंही असंच, ते त्याच सर्व्हरवर चालत असेल तर पोस्टफिक्सला प्रत्येक माणूस १२७.०.०.१ वरून आलेला दिसतो, तोही मायनेटवर्क्समध्येच.

तर बंदीची ओळ परमिट मायनेटवर्क्सच्या वर न्या. पण नुसतं रिजेक्ट लिहून भागणार नाही कारण मग आपापसातली मेलही बंद होईल, त्यासाठी रिस्ट्रिक्शन क्लास करायचा. मेन डॉट सीएफ या पोस्टफिक्सच्या मुख्य सेटिंग फाईलमध्ये एसएमटीपीडी रिस्ट्रिक्शन क्लासेस म्हणून एक सेटिंग असतं, तिथे लोकल ओन्ली असं नाव जाहीर करायचं, मग लोकल ओन्ली म्हणजे काय ते सांगायचं, आधी चेक रेसिपियंट ॲक्सेस आणि त्याला एक छोटी यादी ज्यात फक्त तुमचं डोमेन आणि समोर ओके, आणि त्याच्या पुढे रिजेक्ट. बस्स एवढंच. आता पाठवणाऱ्यांच्या यादीत डावीकडे गेटचा पत्ता आणि उजवीकडे रिजेक्टच्या जागी लोकल ओन्ली हे नाव लिहा. गेटवाल्याने स्टोअरला मेल केली की डोमेन सापडतं, जाते. बाहेर केली की यादीत काही सापडत नाही आणि पुढचं रिजेक्ट लागतं. दोन्ही याद्यांवर पोस्टमॅप ही कमांड चालवायचं विसरू नका, मजकूर बदलला आणि पोस्टमॅप केलं नाही तर पोस्टफिक्स जुनीच यादी वाचत बसतो आणि माणूस दोन तास नियमात चूक शोधत बसतो.

पण इथे थांबलात तर भिंत मातीचीच राहील. हा सगळा खेळ पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर चाललाय आणि थंडरबर्डसारख्या मेलच्या प्रोग्रॅममध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता हवा तो लिहिता येतो. गेटवाल्याने स्वतःच्या पत्त्याऐवजी परचेसचा पत्ता टाकला की तुमचा नियम त्याला ओळखतच नाही. शिवाय बाहेरच्या कुणी तुमच्या गेटचा पत्ता खोटा लावून मेल पाठवली तर ती लोकल ओन्लीच्या ओकेवरून थेट आत, खालचे स्पॅमचे नियमसुद्धा न लागता! म्हणून एसएमटीपीडी सेंडर लॉगिन मॅप्स भरा, कोणता पत्ता कोणत्या लॉगिनचा ते त्यात येतं, आणि सगळ्यात वर रिजेक्ट सेंडर लॉगिन मिसमॅच लावा. मग लॉगिन एक आणि पत्ता दुसरा चालणार नाही, आणि लॉगिन न करता तुमचा पत्ता वापरणंही बंद. हे लावायच्या आधी वेबमेल पाठवताना लॉगिन करतंय ना ते बघा आणि स्कॅनर-प्रिंटर बघा, ती यंत्रं बरेचदा लॉगिन न करता कुणाच्यातरी पत्त्यावरून स्कॅन पाठवतात आणि नियम लागला की अकाउंट्समधून पहिला फोन तुम्हालाच येतो. त्यांना वेगळा पत्ता द्या जो लॉगिन यादीत नाही.

आणखी एक फट राहते ती सर्व्हरवरच्याच स्क्रिप्टची. वेबसाइटचा पीएचपी फॉर्म किंवा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) सेंडमेल कमांडने मेल टाकतो, ती मेल एसएमटीपीच्या, म्हणजे मेल देण्याघेण्याच्या नेहमीच्या पद्धतीच्या दारातून येतच नाही त्यामुळे वरचा एकही नियम तिला लागत नाही. तिथे ऑथोराइज्ड सबमिट यूजर्स वापरून कोण टाकू शकतं ते ठरवा.

आणि प्लीज, थेट चालू सर्व्हरवर एकदम लावू नका. नियमाच्या आधी वॉर्न इफ रिजेक्ट हा शब्द घातला की पोस्टफिक्स अडवत नाही, फक्त लॉगमध्ये लिहितो की हे अडवलं असतं. तीन-चार दिवस तसंच राहू द्या, तिन्ही पाळ्या होऊ द्या, कोण कोण सापडतंय ते बघा, मग तो शब्द काढा. गिरणीत काम थांबणं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न : मॅडम, चाकणला आमचं पार्टचं युनिट आहे. खर्च परवडत नाही म्हणून फक्त डायरेक्टर आणि मार्केटिंग मिळून सहा जणांना गूगल वर्कस्पेस घेतलं, बाकी चाळीस जण आपल्याच सर्व्हरवर, डोमेन सगळ्यांचं एकच. ट्रान्सपोर्ट मॅपमध्ये सहा पत्ते टाकले तरी त्यांना आलेली मेल ‘यूजर अननोन’ म्हणून परत जाते. — एक आयटी असिस्टंट, चाकण

तुमच्या एमएक्स रेकॉर्डमध्ये (डोमेनची मेल कुठे येते ते सांगणारी नोंद) स्वतःचा सर्व्हर आहे हे तुम्ही लिहिलंय, तेच ठेवा. ट्रान्सपोर्ट मॅप, म्हणजे कोणाची मेल कुठल्या सर्व्हरकडे न्यायची ती यादी, बरोबर आहे पण त्याचा नंबर नंतर लागतो. पोस्टफिक्स आधी दारातच विचारतो की हा पत्ता आपल्याकडे आहे का, आणि तुम्ही गूगलला गेलेल्या सहा जणांचे मेलबॉक्स इथून उडवले असणार, म्हणून तो म्हणतो असा कुणी नाही. वितरण कुठे करायचं हा प्रश्न त्याच्यापुढे आलाच नाही. व्हर्च्युअल मेलबॉक्स मॅप्समध्ये ते सहा पत्ते परत ओळखीचे करा, पेटी इथे नसली तरी नाव असू द्या. ही दारातली चौकशी बंद करून सगळंच आत घ्यायचा मोह होतो, ते मात्र करू नका, मग कुठल्याही खोट्या पत्त्यावर आलेला कचरा तुम्ही आत घेणार आणि नंतर ‘पोचलं नाही’ म्हणून परत पाठवणार, आणि पाठवणाऱ्याचा पत्ताच खोटा असल्यामुळे ते परतीचं पत्र कुणा तिसऱ्याच निरपराध माणसाच्या पेटीत जाऊन पडतं. असं करणारे सर्व्हर स्वतःच काळ्या यादीत जातात.

ट्रान्सपोर्ट मॅपमध्ये गूगलच्या सर्व्हरचं नाव चौकटी कंसात लिहा. कंस नसेल तर पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स शोधायला जातो, कंस असेल तर सरळ त्याच मशीनकडे. कोपऱ्यातली बारीकशी गोष्ट आहे पण चुकलं की मेल भलतीकडे.

गूगलच्या बाजूला दोन कामं आहेत. इनबाउंड गेटवेमध्ये तुमच्या सर्व्हरचा आयपी सांगा, नाहीतर गूगलला वाटतं सगळ्या जगाची मेल चाकणहून निघाली आणि प्रत्येक मेलचा एसपीएफ (डोमेनची मेल कोणत्या सर्व्हरवरून निघू शकते ते सांगणारी नोंद) फेल. दुसरं म्हणजे डायरेक्टरनी गूगलमधून स्टोअरला मेल केली तर गूगल म्हणेल माझ्याकडे असा कुणी नाही, म्हणून त्याला सांगावं लागतं की न सापडलेले पत्ते माझ्या सर्व्हरकडे पाठव. आता इथेच फेरा लागतो. दोघांपैकी कुणाकडेच नसलेला पत्ता आला, तुमच्याकडे कॅचऑल (न सापडलेला कुठलाही पत्ता पकडणारा नियम) लावून तो गूगलकडे ढकललाय आणि गूगलने परत तुमच्याकडे, तर ती मेल इकडून तिकडे फिरत राहते आणि पोस्टफिक्सच्या डिफॉल्टप्रमाणे ५० टप्पे ओलांडले की मरते. म्हणून कॅचऑल नको.

जाणाऱ्या मेलसाठी एसपीएफमध्ये दोघांनाही घ्या, पण रेकॉर्ड एकच ठेवा, दोन वेगळे एसपीएफ रेकॉर्ड टाकले तर दोन्ही बाद धरतात. आणि त्यात डीएनएसच्या (इंटरनेटवरची नावं शोधून देणाऱ्या सेवेच्या) चौकशा १० च्या वर गेल्या तरीही बाद. डीकेआयएमच्या सह्या (मेल खरंच तुमच्या डोमेनची आहे हे दाखवणाऱ्या डिजिटल सह्या) दोन्हीकडून हव्यात, सिलेक्टर, म्हणजे सहीच्या किल्लीचं नाव, वेगवेगळे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने पाठवणाऱ्यांचे नियम कडक केलेत, दिवसाला ५००० च्या वर मेल जीमेलला पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) तिन्ही लागतात. तुम्ही एवढे पाठवत नसाल, तरी तिन्ही करून ठेवा, ग्राहकाला पाठवलेलं कोटेशन स्पॅममध्ये पडणं तुम्हाला परवडत नाही.

प्रश्न : आमचं छोटं प्रकाशन आहे. ‘कर्ज मंजूर’, ‘खऱ्या सोन्याचा हार फक्त…’ असल्या मराठी सब्जेक्टच्या मेल रोज येतात. हेडर चेक्समध्ये हे शब्द टाकून बघितले, इंग्रजी शब्द अडतात, मराठी एकही अडत नाही. पोस्टफिक्सला मराठी कळत नाही का? — सांगली

हा प्रश्न वाचून मला खरंच आनंद झाला, कारण हा आपल्याच लोकांना पडू शकतो आणि याचं उत्तर इंग्रजी गाईडमध्ये सहसा सापडत नाही.

मेलचा सब्जेक्ट मराठीत असला तरी तो प्रवासात मराठी नसतो. मेलची हेडरं, म्हणजे सब्जेक्ट, पाठवणारा अशा वरच्या ओळी, मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठी बनली, त्यामुळे देवनागरी सब्जेक्ट पाठवताना प्रोग्रॅम तो बेस ६४ मध्ये गुंडाळतो, समोर यूटीएफ ८ असं लिहितो आणि पुढे इंग्रजी अक्षरं-आकड्यांची एक लांब माळ. हेडर चेक्स ती माळ तशीच वाचतो, उलगडत नाही. तुमचा ‘कर्ज’ त्या माळेत कुठेच दिसत नाही. काहीजण माळेचाच तुकडा नियमात टाकतात पण त्याचा उपयोग नाही, बेस ६४ मध्ये तीन-तीन बाइटचे गठ्ठे होतात, शब्दाच्या आधी एखादी जागा किंवा इंग्रजी अक्षर वाढलं की पुढची सगळी माळ बदलते.

म्हणून हे काम उलगडून वाचणाऱ्याकडे द्यायचं. आरस्पॅमडी किंवा स्पॅमअसॅसिन हे स्पॅम ओळखणारे प्रोग्रॅम, दोघंही सब्जेक्ट सोडवून मग तपासतात. प्रत्येकाच्या पेटीत वेगळे नियम हवे असतील तर डव्हकॉट या पेट्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममधलं सीव्ह (मेल गाळायच्या नियमांची भाषा) वापरा, तेही हेडर आधी उलगडतं आणि मग तुलना करतं, नियमात सरळ ‘कर्ज मंजूर’ असं मराठीत लिहिता येतं.

पण आता दुसरी अडचण, ती खास मराठीची. तुम्ही उदाहरणात दिलेला ‘खऱ्या’ हाच शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो, एकात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मग एक न दिसणारा जोडाक्षराचा कॅरेक्टर. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात, कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द. तुम्ही एक टाइप केला आणि समोरच्याच्या कीबोर्डने दुसरा काढला तर नियम लागत नाही. नियम लिहिताना दोन्ही रूपं घ्या, शब्द स्वतः टाइप करण्यापेक्षा आलेल्या स्पॅममधूनच कॉपी करा.

आणि खरं सांगायचं तर शब्दांच्या याद्यांवर फार विसंबू नका. तुम्ही प्रकाशक, उद्या एखादा लेखक शेतकऱ्यांच्या कर्जावरचं हस्तलिखित पाठवेल आणि तुमचा नियम ते गिळेल. बेझ पद्धतीला, म्हणजे नमुन्यांवरून स्पॅमची शक्यता मोजणाऱ्या पद्धतीला शिकवा, स्पॅम एका फोल्डरमध्ये, चांगल्या मेल दुसऱ्यात. स्पॅमअसॅसिनला दोन्हींचे किमान २०० नमुने मिळेपर्यंत तो बेझचे गुण धरतच नाही, म्हणून पहिले काही आठवडे धीर धरा आणि चांगल्या मेलही तितक्याच शिकवा, लोक फक्त स्पॅम शिकवतात आणि मग म्हणतात चालत नाही.

प्रश्न : स्पॅमहाउसची झेन यादी लावली होती. एका सकाळी सर्व्हरने झाडून सगळ्या मेल परत पाठवल्या, जीमेलच्यासुद्धा. यादी काढून टाकली. आता लावू की नको? — एक वाचक, नाशिक

लावा, स्पॅम पाठवणाऱ्या आयपींची ती चांगली काळी यादी आहे. तुमच्या पत्राप्रमाणे तुमच्या सर्व्हरचा डीएनएस ८.८.८.८ हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस आहे, घोळ तिथे आहे. अशा सार्वजनिक डीएनएसमधून आलेल्या चौकशांना स्पॅमहाउस खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा ‘चौकशी चुकीची’ सांगणारा एक कोड परत देतं. तुमच्या नियमात ‘काहीही उत्तर आलं की स्पॅम’ असं आहे, म्हणून सगळं जग स्पॅम ठरलं. सर्व्हरवर अनबाउंड हा प्रोग्रॅम टाकून स्वतःचा रिझॉल्व्हर (डीएनएसच्या चौकशा स्वतः करणारा) चालवा आणि नियमात बरोबरचिन्ह देऊन १२७.०.०.२ ते ११ एवढीच उत्तरं धरायला सांगा. दोन्ही करा, एक करून थांबू नका.

प्रश्न : रात्रीत एका क्लार्कच्या आयडीवरून हजारो मेल गेल्या. पासवर्ड बदलला तरी अजून जातायत. — पुणे, सीए ऑफिस

रांगेत आधीच पडलेल्या मेल पासवर्ड बदलून थांबत नाहीत, पोस्टफिक्स डिफॉल्टने ५ दिवस प्रयत्न करत राहतो. पोस्टसुपर या कमांडने सगळी रांग होल्डवर टाका, मग त्या आयडीच्या मेल निवडून काढा आणि बाकीच्या सोडा, सगळी रांग पुसू नका, त्यात तुमच्या क्लायंटची रिटर्नची कागदपत्रं असतील. पुढच्यासाठी पोर्ट २५ वर (बाहेरच्या सर्व्हरची मेल येते ते दार) लॉगिन बंदच ठेवा, ते फक्त ५८७ वर किंवा ४६५ वर. आणि दर माणशी मर्यादा घाला. पोस्टफिक्सची स्वतःची मर्यादा आयपीवर चालते, चोर पन्नास आयपीवरून येतो, त्यामुळे लॉगिनवर मोजणारं काहीतरी लागतं, आरस्पॅमडीची रेटलिमिट किंवा पोस्टएफडब्ल्यूडी. लॉगही सांभाळा, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे कंपन्यांनी १८० दिवसांचे लॉग ठेवायचेत आणि बऱ्याच लिनक्सवर लॉग चारेक आठवड्यांतच पुसले जातात.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत एक माजी कर्मचारी सारख्या तक्रारींच्या मेल करतो. मॅनेजर म्हणतात त्या गुपचूप गायब करा, त्याला कळता कामा नये. शिवाय सगळ्या स्टाफच्या मेलची प्रत मॅनेजरना हवी आहे. दोन्ही कसं करू? — सातारा जिल्हा

दोन्ही जमतं, पण पहिलं करू नका.

डिस्कार्ड लावलं की समोरच्या सर्व्हरला २५० असं उत्तर जातं, म्हणजे ‘मिळालं’, आणि मेल कुठेच जात नाही. एसएमटीपीच्या नियमांप्रमाणे त्या २५० चा अर्थ एकच, जबाबदारी आता माझी, मी पोचवेन नाहीतर पोचलं नाही असं कळवेन. डिस्कार्ड म्हणजे तो शब्द मोडणं. मी पूर्वी एका कंपनीत होते तिथे आम्ही असाच एक डिस्कार्डचा नियम लावला होता, सब्जेक्टमध्ये ‘अर्जंट पेमेंट’ आलं की गायब, कारण त्या दिवसांत तसं स्पॅम खूप यायचं. एका जुन्या सप्लायरने थकलेल्या बिलासाठी तीन वेळा नेमकं तेच लिहून पाठवलं. त्याच्या लॉगमध्ये तिन्ही वेळा ‘मिळालं’. आम्ही फोनवर म्हणालो काही आलंच नाही, आणि तो माणूस आम्हाला खोटं बोलणारे समजला, आणि त्याचं चुकलं नव्हतं. नियम सापडायला आठवडा गेला कारण लॉगमध्ये तसं शोधायचं कुणाला सुचलंच नाही. तेव्हापासून मी डिस्कार्ड वापरलेलं नाही.

त्यातून तुमची पतसंस्था, तो माणूस कदाचित सभासद किंवा ठेवीदारही असेल, त्याची तक्रार आलीच नाही असं पुढे सहकार खात्यासमोर म्हणायची वेळ आली तर? नको असेल तर सरळ रिजेक्ट करा, चेक सेंडर ॲक्सेसमध्ये त्याचा पत्ता आणि समोर साधं वाक्य, ‘या पत्त्यावरची मेल स्वीकारली जात नाही, कृपया लेखी अर्ज कार्यालयात द्या’, मात्र हे वाक्य इंग्रजीत लिहा, त्या उत्तरात देवनागरी सगळीकडे नीट पोचत नाही. किंवा मला विचाराल तर रीडायरेक्ट करून सचिवांच्या एका वेगळ्या पेटीत जमा करा, स्टाफला त्रास नाही आणि कागद हरवत नाही.

प्रतीसाठी सेंडर बीसीसी मॅप्स आणि रेसिपियंट बीसीसी मॅप्स आहेत, पाठवणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या पत्त्यावरून ते आपोआप प्रत काढतात. प्रत मॅनेजरच्या रोजच्या पेटीत टाकू नका, वेगळी पेटी करा, तिला आकाराची मर्यादा देऊ नका, कारण ती भरली की प्रती जमा होणं थांबतं, आणि ‘पाठवणाऱ्याला कळवू नका’ ही पोस्टफिक्सची सूचना पुढचा सर्व्हर पाळत नसेल तर ‘पेटी भरली’ची उत्तरं थेट तुमच्या ग्राहकांना जातात आणि प्रत घेतली जातेय हे अशा तऱ्हेने सगळ्यांना कळतं. ते तसं कळण्याआधी स्टाफला नोटीस बोर्डावर लेखी सांगा, ऑफिसच्या आयडीवरची मेल तपासली जाऊ शकते, आणि सह्या घ्या. मॅनेजर सही घ्यायला तयार नसतील तर बीसीसीची ओळ घालू नका, आणि का घातली नाही तेही त्यांना मेलवरच लिहून कळवा.